डावीकडून येतोय, हर्शेल

आमच्या गावची वाट अकरा मैलांची आहे. जुन्या होड्यांच्या धक्क्यापासून ती निघते आणि होल्स्टन नदीचा काठ धरून थेट धरणापर्यंत जाते. दहा फूट रुंद, शेवटपर्यंत डांबर, मधोमध तुटक पिवळी रेघ. दर अर्ध्या मैलाला एक लाकडी खांब आणि त्यावर पांढरा आकडा. कागदोपत्री तिला ग्रीनवे म्हणतात. आम्ही नुसतं 'वाट' म्हणतो.

वाटेचे नियम दोनच. चालणाऱ्याने उजव्या अंगाने चालायचं, आणि मागून सायकलवर येणाऱ्याने पुढे जाण्याआधी आवाज द्यायचा, "डावीकडून येतोय!" मग चालणारा जरा उजवीकडे सरकतो, मागे न बघता हात वर करतो आणि सायकल निघून जाते. नवखी माणसं एक चूक हमखास करतात. 'डावीकडून' ऐकलं की दचकून डावीकडेच सरकतात, नेमकी सायकलच्या पुढ्यात. अशांना मी थांबवून समजावून सांगायचो. धक्क्याजवळच्या फळ्यावर हे दोन्ही नियम मी स्वतःच्या हाताने रंगवले आहेत.

माझं नाव क्लेटन रॅट्लिफ. राज्याच्या रस्तेखात्यात चौतीस वर्षं पूल तपासण्यात गेली. हातोडी घेऊन पुलाखाली शिरायचं आणि काँक्रीट ठोकत जायचं. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने खूण करायची. निवृत्त झालो आणि वाटेच्या स्वयंसेवकांत नाव घातलं. पिवळं जाकीट, खिशात पंक्चर काढायचं सामान आणि दिसेल त्याला नियम सांगायचा अधिकार. तो अधिकार मला जरा जास्तच आवडायचा, असं माझी बायको वॉनेटा म्हणते.

फळ्याखाली एक लाकडी पेटी आहे, तिच्यात एक वही. ज्याला जे सांगायचंय त्याने ते तिच्यात लिहावं. लोक लिहितातही. 'तीन मैलांपाशी रानहंस अंगावर येतात.' 'डाव्या हाताचा निळा हातमोजा सापडला, कुंपणाला अडकवलाय.' 'कुत्रा मोकळा सोडणारा लाल टोपीवाला आज पुन्हा दिसला.' दर शनिवारी डेल्मर ऑसबोर्न ही वही वाचतो. डेल्मर आमच्या स्वयंसेवकांचा प्रमुख. शाळेची बस चालवण्यात त्याचा जन्म गेला, त्यामुळे तो अजूनही मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने बोलतो.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्याने वही माझ्या नाकासमोर धरली.

"हे वाच. कोणीतरी वात्रटपणा करतंय."

तीन नोंदी होत्या, तीन वेगळ्या अक्षरांत. बाबागाडी घेऊन फिरणाऱ्या एका बाईने लिहिलं होतं, 'मागून सायकलवाल्याने आवाज दिला म्हणून गाडी गवतात घेतली. कोणी आलंच नाही. वळून पाहिलं तर वाट मोकळी.' दुसरी नोंद एका धावणाऱ्याची, जवळजवळ तीच. तिसऱ्याने एकच ओळ लिहिली होती. 'आवाज देता, तर पुढे तरी जा ना!'

जागा तिघांचीही एकच होती, चारचा खांब आणि साडेचारचा खांब यांच्या मधली. वेळही एकच, सकाळी आठच्या पुढे.

"तुझा तो पट्टा," डेल्मर म्हणाला आणि त्याने जीभ चावली. मग घसा खाकरला. "म्हणजे तसं नाही रे म्हणायचं मला. तू राहू दे, मी बघून येतो."

"मीच बघतो," मी म्हणालो.

तो पट्टा माझा कसा झाला, ते आधी सांगायला हवं.

त्याच्या दीड वर्ष आधीच्या एप्रिलमध्ये, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, मी सायकलवरून धरणाकडे चाललो होतो. वेग ताशी अठरा मैल. पुढे हर्शेल स्टॉलर्ड चालत होता. वय एक्क्याऐंशी, करडी टोपी, पिठाच्या गिरणीत आयुष्य काढलेला माणूस. आमच्याच चर्चचा. तो उजव्या कडेने जात होता आणि त्याच्या डावीकडे सात फूट वाट मोकळी होती. मी मनात विचार केला, आवाज दिला तर म्हातारा दचकेल, वळेल, कदाचित डावीकडेच सरकेल. गुपचूप निघून गेलो तर त्याला कळणारही नाही. आणि खरं सांगायचं, तर आवाज द्यायचा म्हणजे वेग थोडा कमी करावा लागतो, आणि त्या दिवशी मी माझ्या नेहमीच्या वेळेच्या बराच पुढे होतो.

मी आवाज दिला नाही.

हर्शेल वाकला, उठला आणि तिरका चालत पिवळी रेघ ओलांडून सरळ माझ्यासमोर आला.

सायकलची मूठ त्याच्या कमरेत बसली. खुब्याचं हाड मोडलं. एकवीस दिवसांनी इस्पितळातच न्यूमोनिया होऊन तो गेला.

अपघातानंतर पोलीस आला तेव्हा मी गवतात बसलो होतो. कोपर फुटलं होतं, अंगावर पिवळं जाकीट होतं. त्याने विचारलं, "आवाज दिला होतात का?" मी म्हणालो, "दोनदा. 'डावीकडून येतोय, हर्शेल,' असं म्हणालो." नाव कशाला घातलं कोण जाणे. नाव घातलं की वाक्य भरीव वाजतं, म्हणून असेल. पोलिसाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढे वाटेच्या समितीनेही विचारलं, आणि तोवर मला ते पाठ झालं होतं.

गावाने ते मानलं. म्हातारा माणूस, कानाने कमी ऐकू येत असणार, 'डावीकडून' म्हटल्यावर डावीकडे गेला, नेहमीची चूक. मानलं नाही ते एकट्या ओपलने, हर्शेलच्या बायकोने. अंत्यविधी झाल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांच्या देखत ती मला म्हणाली, "हर्शेल शेवटपर्यंत शुद्धीत होता. त्यानं मला सांगितलंय, कोणी आवाज दिला नाही म्हणून. तू खोटारडा आहेस, क्लेटन." बायकांनी तिला दंडाला धरून गाडीकडे नेलं. मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना तो माझा सज्जनपणा वाटला. वॉनेटालासुद्धा.

सायकल मी गॅरेजात छताला उलटी टांगली. टायरमधली हवा आपोआप गेली. जाकीट मात्र ठेवलं, कारण ते परत केलं असतं तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. साडेतीनच्या खांबापुढे मी जात नसे. गुडघा दुखतो म्हणायचो.

सोमवारी सकाळी मी त्या पट्ट्यावर गेलो. चालत.

तिथे आगगाडीचा जुना पूल वाटेच्या डोक्यावरून नदी ओलांडतो. सकाळी धरणातून थंडगार पाणी सोडतात, भोंगा वाजतो आणि पंधरा-वीस मिनिटांत नदीवर धुकं धरतं. सिकॅमोरची पांढरी खोडं त्यात निम्मी बुडतात. ओल्या पानांचा आणि लोखंडाचा वास येतो. पुलाजवळ, नदीच्या अंगाला एक बाक आहे. हर्शेलच्या नावाची पितळी पट्टी त्यावर आम्हीच बसवली. ती बसवायला मी गेलो नव्हतो. गुडघा.

माझा संशय प्रतिध्वनीवर होता. पुलाचा खांब बाकापासून एकशे चाळीस फुटांवर. मी टाळी वाजवली. पाव सेकंदाने ती परत आली, स्वच्छ. मग घसा मोकळा सोडून ओरडून पाहिलं, "हो ऽऽ!" तेही परत आलं. जागा प्रतिध्वनीची होती, यात शंका नव्हती. पण प्रतिध्वनीला आधी कोणीतरी ओरडावं लागतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस मी आठ ते नऊ तिथे येरझाऱ्या घातल्या. तीन सायकलवाले आले. तिघांनी आवाज दिला, तिघेही पुढे गेले. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

गुरुवारी धुकं जास्त होतं. चारच्या खांबाच्या पुढे गेलो आणि मागून, वीस-एक फुटांवरून हाक आली.

"डावीकडून येतोय!"

सवय वाईट असते. मी उजवीकडे सरकलो, हात वर केला आणि चार पावलं तसाच चाललो. डावीकडून काही गेलं नाही. टायरचा आवाज नव्हता, साखळीचा नव्हता. नुसती हाक होती. वळून पाहिलं. धुक्यात वाट सत्तर-ऐंशी फूट दिसत होती, आणि तेवढी रिकामी होती.

घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

फोनवर ठेवलेला आपलाच निरोप कधी ऐकला तर आधी वाटतं, हा कोण? आवाज जरा नाकातला, शब्द ओढलेले. मग कळतं की आपणच. मलाही कळायला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. किंवा कळलं होतं तेव्हाच, पण मी मानत नव्हतो.

"चेहरा असा का पांढराफटक पडलाय?" वॉनेटाने विचारलं.

"थंडी आहे."

"मग गुडघ्याला तेल लाव आणि बस गप घरात. कोणी सांगितलंय तिथे तडफडायला?"

मी बसलो घरात. पण वही भरत गेली. नोव्हेंबरात सहा नोंदी आल्या, थॅंक्सगिव्हिंगच्या आठवड्यातच चार. त्यातली शेवटची सणाला बाहेरगावाहून आलेल्या कोणा पाहुण्याची होती. 'आवाज देणारा मला हर्शेल का म्हणतो? हा हर्शेल कोण?'

डेल्मरने वही मिटली.

"पोलिसांच्या कागदात आहे ते वाक्य," तो म्हणाला. त्याच्या मानाने फारच हळू. "कोणीतरी वाचलंय ते आणि तिथे झाडीत बसून ओरडतंय. हद्द झाली. सापडला ना, तर नदीत बुचकळून काढतो त्याला."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डेल्मर स्वतः त्या पट्ट्यावर गेला. साडेनऊला माझ्या दारात उभा. टोपी हातात. आत ये म्हटलं तरी येईना.

"क्लेट, तुझा आवाज होता रे तो."

"मी घरातच आहे सकाळपासून."

"ठाऊक आहे. ऐकलं त्याच मिनिटाला मी इथे फोन लावला. वॉनेटा म्हणाली, समोर बसून बिस्किटं खातोय, देऊ का? मी नको म्हणालो." तो टोपी फिरवत राहिला. "दोनदा ओरडलास. 'डावीकडून येतोय, हर्शेल.' अगदी तू सांगितलं होतंस तसंच. एक बोलू? रागावू नकोस. मला बरं वाटलं."

"बरं?"

"इतके दिवस मधूनच मनात यायचं, की हा बाबा खरंच ओरडला असेल का. मित्र असून असं मनात आणायचं म्हणजे वाईटच. आता तो प्रश्नच मिटला. कसं काय ते मला नको सांगूस, मला ते कळून घ्यायचंही नाही. पण तू आवाज दिला होतास."

तो गेल्यावर मी गॅरेजात जाऊन सायकल बघितली. छताला होती. टायर चपटे, सीटवर धूळ, धुळीवर एका कोळ्याचं जाळं. मला तिथे काहीतरी सापडायला हवं होतं. ओला टायर, चिखल, काहीही. सापडलं असतं तर मी तपासलं असतं.

फेब्रुवारीत ओपलचा फोन आला. चर्चच्या पायऱ्यांवरच्या त्या दिवसानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"उद्या बाकावर ये," ती म्हणाली. "आठ वाजता. कॉफी मी आणते."

रात्रभर मी एकच ठरवत होतो, उद्या सांगून टाकायचं. थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं. ओपलला तर आधीच माहीत होतं. तिला मी नवीन काय सांगणार होतो? फक्त तिचं म्हणणं खरं होतं एवढंच.

ती माझ्याआधी पोचली होती. नदीकडे तोंड करून बसली होती, हर्शेलचा जाड कोट घालून, बाह्या दुमडून. मांडीवर रुमालात बांधलेली सफरचंदाची तळलेली करंजी होती. मला बघून ती सरकली.

"बस, बाळा."

मी बसलो. तिने कॉफी ओतली. एक पेला मला दिला. 

"तो डावीकडे का गेला, ठाऊक आहे तुला?" तिने विचारलं.

"नाही, मिस ओपल." आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आदराने मिसच म्हणतात.

"कासव होतं वाटेत. ते कवच डबीसारखं मिटून घेणारं असतं ना, तसलं. तू इथलाच आहेस, तुला सांगायला नको. ते ज्या बाजूला निघालेलं असतं, त्याच बाजूला नेऊन सोडायचं. उलट्या बाजूला ठेवलंस तर वळून परत वाटेत येतं. हर्शेलनं जन्मभर तेवढं पुण्य केलं. गाडी थांबवून उतरायचा मेला, मागे रांग लागली तरी. त्या दिवशी ते नदीकडे निघालं होतं. म्हणून तो डावीकडे गेला. पोलिसाला मी सांगितलं तर म्हणाला, अहो आजी, कासवाचा इथे काय संबंध."

मी कॉफीकडे बघत होतो.

"मी नंतर येऊन शोधलं ते. गवतात पडलं होतं, मिटून. पाठीवर चीर गेली होती. तासभर बसले समोर, पण मान काही बाहेर काढली नाही त्यानं." ती नदीकडे बघत म्हणाली, "जाऊ दे. मी तुला बोलावलं ते माफी मागायला."

"मिस ओपल, थांबा जरा..."

"मला बोलू दे, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. नाताळापासून मी रोज इथे येऊन बसते. डेल्मरच्या बायकोनं सांगितलं म्हणून आले होते, खरं तर तिला खोटं पाडायला. पहिल्याच दिवशी ऐकलं. कान माझे चांगले आहेत, आणि आवाज तुझा. रोज ऐकते. दोनदा. नाव घेऊन, किती आदबीनं." तिने रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "तेव्हा तू खोटारडा नव्हतास. मीच तुला गावासमोर तसं म्हणाले. हर्शेलचंच चुकलं. औषधांच्या गुंगीत होता, त्याला आठवलं नसेल. अठ्ठावन्न वर्षांच्या संसारात मी त्याला कधी खोटं पाडलं नव्हतं, क्लेटन. आता पाडावं लागलं."

मला रडू आलं. तिला वाटलं, माफीमुळे.

"मिस ओपल," मी म्हणालो, "मी आवाज दिला नव्हता."

भोंगा वाजून गेला होता. धुकं बाकाच्या पायांशी आलं होतं.

"मला वेळ घालवायचा नव्हता. आवाज दिला असता तर त्याने मागे पाहिलं असतं, हातात कासव आहे ते मला दिसलं असतं. मी काही बोललो नाही. पोलिसाला खोटं सांगितलं. हर्शेल शुद्धीवर होता. त्याने तुम्हाला खरं सांगितलं."

तिने तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि मग आमच्या दोघांच्या पाठीमागून, वाटेवरून, स्पष्ट आवाज आला.

"डावीकडून येतोय, हर्शेल!"

आणि पुन्हा एकदा, थोडा जवळून.

मी वळलो. ओपल वळली नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला. हात गरम होता, कॉफीच्या पेल्याने.

"तू चांगला माणूस आहेस," ती म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्याचा शब्द राहावा म्हणून स्वतःच्या अंगावर घेतोस. पण नको रे. मला आता खरं झेपतं."

"हे खरं नाही, मिस ओपल. ही हाक मी दिलेलीच नाही!"

"करंजी घे," ती म्हणाली.

मी तिथून उठून सरळ पोलिसठाण्यात गेलो. तोच अधिकारी होता, आता पोट सुटलेलं. त्याने ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "रॅट्लिफसाहेब, माझी बहीण तिथे धावायला जाते. तिनेही ऐकलंय. असल्या गोष्टींनी मनावर ताण येतो. पास्टरशी बोला." मी म्हणालो, कागद द्या. त्याने दिला. मी त्यावर लिहिलं: त्या दिवशी मी आवाज दिला नाही, आधीचा जबाब खोटा आहे. तारीख घातली, सही केली. त्याने तो कागद जुन्या फायलीत लावला, माझ्या समाधानासाठी.

जाकीट मी डेल्मरच्या हातात दिलं. "वेडा आहेस का?" तो म्हणाला. "चाळीस जणांनी ऐकलंय तुला!" वॉनेटाला मी सगळं सांगितलं.  तिने भांडी विसळली, हात पुसले आणि आमच्या खोलीतली स्वतःची उशी उचलून दुसऱ्या खोलीत नेली. तिने विश्वास ठेवला होता. ठेवणारी ती पहिली.

दुसऱ्या दिवसापासून हाक बंद झाली.

फेब्रुवारीचा उरलेला आठवडा, मग पूर्ण मार्च. वहीत पुन्हा रानहंस, हातमोजे आणि लाल टोपीवाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओपलचा फोन आला.

"पाच-सहा आठवडे नुसतीच बसतेय मी तिथे," ती म्हणाली. "काही ऐकू येत नाही. तू परत काही लिहून दिलंस म्हणे ठाण्यात?"

"हो."

"कोणत्या दिवशी?"

मी सांगितलं. पलीकडे तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"मग हर्शेल शुद्धीत होता," ती म्हणाली.

"हो, मिस ओपल."

पुन्हा घड्याळ. मला वाटलं, आता ती मला शिव्या घालेल. घालाव्यात असं फार वाटत होतं.

"बरं," ती म्हणाली. "वाटेवर जातोस का अजून?"

"रोज जातो. चालत."

"सांभाळून जा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

निरोप घेताना आमच्याकडे सगळे असंच म्हणतात.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली ही गोष्ट. आदल्या रात्री पाऊस झाला होता, डांबर ओलं होतं. भोंगा वाजला. धुकं अजून नदीवरच होतं, वाट दोन्ही बाजूंना लांबवर दिसत होती. बाक रिकामा होता. चारचा खांब मागे टाकून मी शंभर-सव्वाशे पावलं गेलो, उजव्या कडेने.

माझ्या पुढ्यात, डांबराच्या काठावर, कासव होतं.

पाठीवर पिवळे ठिपके. डाव्या अंगाला एक जुनी चीर, भरून आलेली, हाडासारखी पांढरी. मान बाहेर होती आणि तोंड नदीकडे.

मी मागे पाहिलं. वाट मोकळी होती. पुढे पाहिलं. मोकळी.

वाकून उचललं. ते घाबरलं नाही. लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं आणि चारही पाय हवेत चालवत होतं, जणू अजून वाटेवरच आहे.

मी डावीकडे निघालो. पिवळी रेघ ओलांडली.

मागून टायरचा आवाज आला.

बारीक टायर, ओलं डांबर. तो आवाज मी ओळखतो. ताशी अठरा मैल. असे अंदाज माझे चुकत नाहीत.

मी हाकेची वाट पाहिली.

आवाज वाढत गेला. साखळी ऐकू येऊ लागली. नंतर टायरखालून उडणारं पाणीही.

हाक आली नाही.

मला वळता आलं नाही. कासव दोन्ही हातांनी छातीशी धरून मी रेघेपलीकडे, हर्शेल होता तिथेच, उभा राहिलो. आवाज माझ्या पाठीशी आला आणि तिथेच थांबला.

कासवाने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग आधी पाय आत घेतले, नंतर मान, आणि शेवटी खालचं कवच वर आलं आणि घट्ट मिटलं.